उजवी बाजू वर

हात्सुए निवाने पिवळा पातळ कागद चित्रावर पसरला, काचेखालचा दिवा लावला आणि चित्रातल्या बाईच्या गळ्यापाशी पेन्सिल टेकवली.

"कुरामोची, इकडे ये. किती माणसं मारलीस आज?"

कुरामोची भाताचा मुटका चघळत आला. चांगला तिशी ओलांडलेला चित्रकार, पण हात्सुएच्या टेबलाशी आला की शाळेतल्यासारखा उभा राहायचा.

"काय झालं, निवा-सान?"

"ह्या जत्रेतल्या बायका बघ. सगळ्यांच्या अंगावरच्या युकाता झग्याची उजवी बाजू वर. जिवंत माणूस आधी उजवी बाजू अंगाला लावतो, मग डावी तिच्यावर घेतो. उलटं कुणाला नेसवतात?"

"मेलेल्याला."

"मग ही जत्रा आहे की स्मशान?"

"मी स्वतः युकाता घालून मोबाइलवर फोटो काढला हो. मोबाइलने डाव्याचं उजवं केलं."

"आजीला विचारायचं होतंस. आजी उलटं दाखवत नाही."

मागच्या टेबलांवरून हसू फुटलं. हात्सुएने पिवळ्या कागदावर गळपट्ट्या सरळ केल्या, शिक्का मारला आणि पुढचं चित्र ओढलं. तिचं कामच ते. दुसऱ्यांनी काढलेलं प्रत्येक चित्र तिच्या हाताखालून जायचं; चुकलेलं ती वर पिवळा कागद ठेवून सुधारायची, आणि तिचा शिक्का पडला की त्या चित्राकडे पुन्हा कोणी मान वळवून बघत नसे. 'दीपगृह सात' ही अ‍ॅनिमेशन मालिका टीव्हीवर गाजली तेव्हाही हेच टेबल होतं. आता इतक्या वर्षांनी त्याच गोष्टीचा पुढचा भाग चित्रपटगृहात येणार होता.

दुपारी निर्माता सेगावा गोड वड्यांचं खोकं घेऊन आला. लाल चवळीचं पुरण भरलेल्या, बोरांएवढ्या. सेगावा गोड घेऊन आला की बातमी कडू असते, हे स्टुडिओतल्या मांजरालाही ठाऊक होतं.

"शेवटचं दृश्य बदललंय," तो म्हणाला. "सुझुना परत येते."

हात्सुएने पेन्सिल खाली ठेवली. सुझुना म्हणजे मालिकेची नायिका, अवकाशातल्या दीपगृहाचा दिवा सांभाळणारी.

"कुठून परत येते?"

"म्हणजे जिवंत असते. गावी बोनचा सण चाललाय, सगळे दिव्यांखाली नाचतायत, आणि युकाता घालून ती समोर उभी. काय दिसेल! लोक रडतील."

"ती जळून गेली, सेगावा-सान. बाकीच्यांची यानं घरी पोचावीत म्हणून दिवा विझू न देता तिथेच बसून राहिली आणि जळाली. दिग्दर्शक ओकुदाइरांनी सांगितलं आणि मी माझ्या ह्या हातांनी जाळली तिला."

"ओकुदाइरा-सान आता नाहीत."

"म्हणूनच तुमचं तोंड उघडतंय."

सेगावा हसल्यासारखं करून म्हणाला, "विज्ञानकथा आहे हो. काळाला घडी पडली म्हणू, दुसरं विश्व म्हणू. लेखक बघतील काय ते."

"म्हणजे कारणही नाही तुमच्याकडे. नुसती युकाता घातलेली बाहुली विकायचीय."

"बाहुल्या विकल्या जातात म्हणून तर तुम्हाला टेबल मिळतं!"

सगळ्यांच्या पेन्सिली थांबल्या. हात्सुए उठली. बुटकी बाई, पण सेगावा एक पाऊल मागे सरला.

"ओगिकुबोच्या देवळात उदबत्त्या पेटवून लोकांच्या हातात कोण देत होतं, सेगावा? तूच ना?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्याला अरे-तुरे करत होती.

मालिका संपली तेव्हा सुझुनाचे अंत्यविधी केले होते. खरेखुरे. कल्पना जाहिरातवाल्यांची, लोक येतील, छायाचित्रं निघतील, एवढाच हिशेब. पण लोक काळे कपडे घालून आले. देवळाच्या पायऱ्या उतरून रांग रस्त्यावर गेली. ओकुदाइरांनी ते पाहिलं आणि घरी जाऊन काळा कोट घालून आले. दिवसभर दाराशी उभं राहून येणाऱ्या प्रत्येकापुढे ते कंबरेत वाकत होते. हात्सुए त्यांच्या शेजारी होती.

रांगेत कावागोएची एक बाई होती. तिची मुलगी दवाखान्यात पडल्या पडल्या मालिका बघायची. शेवटचा भाग बघायला राहिली नाही. बाईने सुझुनाच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली, हात जोडले आणि हात्सुएकडे वळून म्हणाली, "एमीला अंधाराची भीती वाटायची. आता तिथे दिवा धरायला ही आहे. फार बरं झालं बघा."

हात्सुए तिच्यापुढे वाकली होती.

"त्या बाईला काय सांगायचं?" ती आता म्हणाली. "तुमच्या लेकीची सोबत आम्ही काढून घेतो, दुकानात मांडायचीय? लोकांच्या उदबत्त्या घेतल्यास ना रे? त्या काय नाटकातल्या होत्या?"

"कोण बाई? मला नाही आठवत."

"तेच तर."

सेगावाने खोकं टेबलावर ठेवलं. त्याचा आवाज मऊ झाला, आणि मऊ झाला की तो जास्त घाण वाटायचा.

"निवा-सान, सुझुनाचा चेहरा तुमच्याइतका कुणाला जमत नाही. पण तुम्ही नाही म्हणालात तर बाहेरून करून घेऊ. ती परत येणार हे ठरलंय. नीट यावी की कशीतरी, तेवढंच तुमच्या हातात आहे."

तो गेला. वड्यांना कोणी हात लावला नाही. हात्सुएने राजीनामा लिहायला कागद घेतला, आणि बराच वेळ तो कोराच राहिला. ती काम सोडून गेली असती तर सुझुना परक्या हातात पडली असती. शेवटी तिने कागद चुरगाळला आणि जत्रेतल्या बायकांकडे वळली.

शेवटच्या दृश्याची चित्रं कुरामोचीकडेच गेली. काही दिवसांनी ती तिच्या टेबलावर आली. दिव्यांच्या माळेखाली सुझुना उभी होती. तोंडावर ओळखीचं, किंचित तिरकं हसू. कुरामोचीने जीव ओतला होता.

आणि गळपट्टीची उजवी बाजू वर होती.

हात्सुएने सवयीने पिवळा कागद उचलला, चित्रावर पसरला, दिवा लावला. पेन्सिल गळ्यापाशी नेली. तिथेच थांबली. मग हात वर सरकला. तिने डोळ्यांतली चमक जराशी कमी केली, कपाळावरची एक बट बाजूला घेतली. गळ्याला हात लावला नाही. शिक्का मारला.

संध्याकाळी कुरामोची धावत आला.

"निवा-सान, माझं पुन्हा तेच झालं! सुझुनाची गळपट्टी. द्या इकडे, आत्ता करतो."

"चुकलंय असं कोण म्हणालं?"

"पण उजवी बाजू—"

तो बोलता बोलता थांबला. त्याने शिक्क्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. बोनचा सण, म्हणजे पितरांचा. वर्षातून एकदा घरी कोण येतं आणि दिवे विझले की परत कोण जातं, हे सांगायला आजी लागत नव्हती.

कुरामोची वाकला, ओकुदाइरा वाकायचे तसा, कंबरेतून. आणि आपल्या टेबलाकडे गेला.

नव्या दिग्दर्शकाने दिव्यांच्या प्रकाशाचं कौतुक केलं. सेगावाने बाहुलीचे रंग ठरवले.

पहिल्या दिवशी शिंजुकूचं चित्रपटगृह भरलं होतं. हात्सुए मागच्या रांगेत बसली, शेजारी सेगावा. पडद्यावर सुझुना दिव्यांखाली आली आणि सगळीकडून हुंदके आले.

"बघा," सेगावा तिच्या कानाशी कुजबुजला, "मिळाली ना त्यांना परत? आता इथून पुढचा भाग."

दोन रांगा पुढे एक म्हातारी नातीला घेऊन बसली होती. ती पडद्याकडे रोखून बघत राहिली, मग नातीच्या कानाशी वाकली आणि आपल्याच गळ्यावरून बोट फिरवून काहीतरी म्हणाली. नातीचा लाह्यांकडे गेलेला हात तसाच राहिला.

नावं सरकू लागली. दिवे लागेपर्यंत कोणी उठत नाही, तसं कोणी उठलं नाही. अंधारात म्हातारीने पिशवी मांडीवरून खाली ठेवली आणि पडद्याला हात जोडले. क्षणभराने नातीनेही जोडले.

"ती आजी काय करतेय?" सेगावाने विचारलं.

हात्सुएचे हातही जोडलेले होते.