बावखल, भुईगाव, १९२४

उन्नतीने चौथ्यांदा ट्रायपॉड उचलला आणि तीन पावलं मागे नेऊन ठेवला. तरी क्रूस काही जागेवर येईना. हातातल्या फोटोत तो पाण्याच्या उजव्या काठाला उभा होता आणि समोर, जित्याजागत्या भुईगावात, डाव्या काठाला. शंभर वर्षांत झाडं पडतात, घरं खचतात, पायवाटांचे रस्ते होतात, हे तिला ठाऊक होतं. पण दगडी क्रूस उठून पलीकडच्या काठाला जाऊन बसल्याचं तिने आजवर ऐकलं नव्हतं.

मागे वाडीच्या तोंडाशी मातीने भरलेले दोन डंपर इंजिन चालू ठेवून उभे होते. बावखलाचा एक कोपरा कालच बुजला होता. बावखल म्हणजे इथल्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. ते भरलेलं असतं म्हणून भोवतालच्या विहिरी गोड राहतात. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि तळं बुजलं की खारं पाणी आत यायला कुणाची परवानगी मागत नाही.

शेजारच्या ऑगस्टीन अंकलच्या विहिरीवर अकरा घरं पाणी भरत. त्यांनीच भरावाविरुद्ध तक्रार केली होती आणि पुराव्यासाठी उन्नतीला बोलावलं होतं. वसईचे जुने फोटो हुडकायचे आणि त्याच जागी उभं राहून तेच दृश्य पुन्हा टिपायचं, हा तिचा चार वर्षांचा उद्योग. हा फोटो कुणा परदेशी पाद्र्याने काचेच्या प्लेटवर काढलेला. फोटोच्या पाकिटावर शाईने लिहिलं होतं, ‘बावखल, भुईगाव, १९२४’.

“भुईगावात बावखलं काय कमी होती?” जमिनीचे मालक नरहरी राऊत म्हणाले. “हा फोटो दुसरीकडचा. इथे माझ्या बापाने घरासाठी माती काढली, त्याचा हा खड्डा.”

पंचनाम्याला आलेले महसूल खात्याचे सर्कल साहेब खुर्चीत बसून घड्याळ बघत होते. “मॅडम, फोटो इथलाच आहे हे दाखवा, भराव आत्ता थांबवतो. नाही तर मला खड्डा असं लिहावं लागेल. अर्धा तास देतो.”

त्यातली वीस मिनिटं सरली होती. उन्नतीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. समोरच्या काठावर जाऊन बघितलं तर क्रूस उजवीकडे येई, पण चर्चचा मनोरा पाठीमागे जाई. फोटोत तर दोन्ही एकाच वेळी समोर होते.

ऑगस्टीन अंकल कानाशी कुजबुजले, “बाय, मोबाइलवर क्रूस हिकडचा तिकडं नाय करता येत?”

“अंकल! एक खोटा केला की माझे बाकीचे साठही खोटे.”

“आनि पानी खारं झालं की मग तुझे साठ फोटो आमी विहिरीत सोडू?”

तिने पुन्हा फोटोत डोकं घातलं. क्रूस, मनोरा, पायऱ्या, ताडाची रांग. या कामाचा नियमच असा की, माणसं सोडून जुळवायचं. माणसं टिकत नाहीत, दगड टिकतात. म्हणून पायऱ्यांवर हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे तिने महिनाभरात एकदाही धड पाहिलं नव्हतं.

एवढ्यात नरहरींची बायको, सुभद्राकाकी, सरबताचे पेले घेऊन आल्या. भांडण पुरुषांचं, पाहुण्याला सरबत बाईचं, असा त्यांचा सरळ हिशेब. कालच त्यांनी उन्नतीला पायरीवर बसवून मन मोकळं केलं होतं. मुलगा पियुष तीन वर्षं वालीवला कारखान्याजवळ भाड्याच्या खोलीत राहतो. घरात सुनेचं आणि नरहरींचं पटलं नाही. वेगळं घर बांधून दिलं तर येतो म्हणाला. ते घर या भरावावर उभं राहणार होतं. “नातीचा आवाज फोनमधून किती ऐकू?” असं म्हणताना काकींचे डोळे भरले होते.

पेला ठेवता ठेवता काकींची नजर उन्नतीच्या हातातल्या फोटोवर पडली. त्यांनी तो घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि खळखळून हसल्या.

“अगं बाय, ही कोन म्हनायची? नथ उजव्या नाकात!”

उन्नतीने वाकून त्या बाईकडे पाहिलं. काखेत कळसा नि गावाला वळसा! नथ डावीकडे असते. काचेची प्लेट कुणीतरी उलट्या बाजूने छापली होती, म्हणून आरशातल्यासारखं डावं उजवीकडे गेलं होतं. फोटो खोटा नव्हता, नुसता उलटा होता.

तिने मोबाइलवरचा फोटो उलटा केला. नथ डाव्या नाकात आली. क्रूस डावीकडे आला. तिने ट्रायपॉड घाटाच्या वरच्या पायरीवर नेला, जरा पुढे, जरा खाली, आणि मनोऱ्याचं टोक क्रूसाच्या आडव्या दगडाला नेमकं येऊन टेकलं.

“साहेब, बघा.”

साहेबांनी कॅमेऱ्यात डोकावलं, मग मोबाइलमध्ये, मग पुन्हा कॅमेऱ्यात. उठून त्यांनी डंपरवाल्यांना हात केला. इंजिनं बंद पडली. ऑगस्टीन अंकलनी छातीवर क्रूसाची खूण केली.

उन्नतीला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण क्षणभरच. कारण काकींच्या ओठांवर अजून मघाचंच हसू होतं. आपण काय बोलून बसलो, ते त्यांना कळलंच नव्हतं.

कळलं ते नवऱ्याचा चेहरा बघून. हसू हळूहळू ओसरलं.

“उजवीकडे घालत असेल एखादी,” नरहरी घाईघाईने म्हणाले. “काय गं? घालतात की नाही?”

साहेबांनी पेन थांबवलं. “तसं असेल तर फोटो उलटवता येणार नाही. बाई, तुम्ही सांगा. तुमच्या नावानेच जबाब लिहितो.”

उन्नतीने मान खाली घातली. काकींकडे बघायचा तिला धीर होईना. या बाईने खोटं बोलावं असं तिला एका क्षणापुरतं मनापासून वाटलं, आणि त्याची तिला लाजही वाटली. काकींनी पाण्याकडे पाहिलं, मग कालच्या मातीकडे, जिथे उंबऱ्याची जागा म्हणून चार खुंट्या ठोकून ठेवल्या होत्या.

“आपल्यात उजवीकडे कोन घालतं?” त्या म्हणाल्या. “लिहा साहेब.”

नरहरींनी खिशातून फोन काढला. काकींनी तो त्यांच्या हातून घेतला.

“पियुषला तुमी नका सांगू. मी सांगते.”