नावाडीण बुडत नाही

गुलाबी पान आलं की थेल्मा कपाळाला हात लावायची. पटकथेत काही बदललं की तेवढं पान रंगीत कागदावर छापून यायचं आणि खाली तिची सही लागायची. तिच्या लेखक नवऱ्याने, इव्हानने, मृत्युपत्रात तसं लिहूनच ठेवलं होतं: सिनेमे निघालेच तर ते माझ्या पुस्तकांशी इमान राखतात की नाही, हे माझी बायको बघेल. स्वतः सुटला आणि हिला अडकवून गेला.

चार वर्षं तिने डोळ्यांत तेल घालून बघितलं. तरी काळा घोडा पांढरा झाला, तीन भावांचे दोन झाले आणि बर्फातली लढाई भर उन्हात झाली, कारण नटाला हिवाळ्यात सवड नव्हती. ती दोन दिवस भांडायची, मग हात टेकून सही करायची. वाचक पत्रं लिहून तिलाच झापायचे. आता शेवटचा सिनेमा उरला होता आणि थेल्मा पार थकली होती.

या वेळचं पान घेऊन पटकथा लिहिणारी मरामा पराता स्वतः पोर्ट चाल्मर्सला थेल्माच्या घरी आली. थेल्माने चहा आणि गरम चीज रोल पुढे ठेवले आणि पान वाचलं. कथेची नायिका, नावाडीण, शेवटच्या फेरीत नदीत बुडत होती.

"हे होणार नाही. पुस्तकात ती पैलतीरी पोचते, काठावर बसून बूट वाळवते. लोकांना पाठ आहे ते."

"मलाही पाठ आहे, आंटी. अकराव्या वर्षी वाचलं, तेव्हापासून पटलेलं नाही."

"मग लिही तुझं वेगळं पुस्तक!"

"रागावू नका. सहा पुस्तकं इव्हान अंकल तिला नदीकडे ओढत नेतात. आणि शेवटी एकदम बूट? त्यांच्या सातही पुस्तकांत दुसऱ्या कुणाचे पाय ओले होत नाहीत हो! नद्या ओलांडतात, दलदल तुडवतात, पण बूट वाळवायचं कुणाला सुचत नाही."

थेल्मा खुर्चीत बसली. तीस वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिला राखण करण्याचाच वीट आला.

"बुडवलीच होती त्याने तिला," ती म्हणाली. "त्याचं अक्षर मलाच लागायचं, सगळी पुस्तकं मीच टाइप केली. ती नावाडीण म्हणजे मी. हे तोंड, ही चाल, सगळं माझं. खाटीकसुद्धा चिडवायचा मला. आणि शेवटच्या वहीत बघते तर मला चार ओळींत बुडवलेलं. इतकी चिडले, इतकी रडले! मग टाइप करताना काढलं बाहेर, आणि बूट घातले उन्हात."

मरामाच्या हातातला रोल तसाच राहिला. "त्यांना सांगितलं नाहीत?"

"म्हटलं, छापायच्या आधी तपासताना ओरडेल, तेव्हा भांडू. पण डोळे अधू झाले होते त्याचे, कळलंच नाही त्याला. त्या पानावर नुसता एक स्वल्पविराम घातला. बुटांच्या वाक्यात."

"बुटांच्याच?"

"हो."

"आंटी, स्वल्पविराम घालायला वाक्य वाचावं लागतं."

मरामाने गुलाबी पानावर उभी रेघ मारली. "त्यांनी ठेवली ना तिला? मग मीही ठेवते."

चार वर्षांत पहिल्यांदाच थेल्माच्या मनासारखं झालं होतं. पण तिला आनंद झाला नाही. तो स्वल्पविराम घातल्यावर इव्हान अकरा महिने जगला होता. रोज याच टेबलाशी दोघं समोरासमोर जेवत होती. तो ओरडेल याची वाट बघत ती थांबली होती, आणि ती सांगेल याची वाट बघत तो.

"आंटी, काय झालं?"

"त्याला कळलं होतं गं," थेल्मा म्हणाली. "मेल्याला सगळं कळलं होतं, आणि मी एकदाही विचारलं नाही."