घंटा ऐकून बादल्या घेऊन आलेली माणसं

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. दिल्लीतल्या मराठी ख्रिस्ती मंडळीची. मंडळीतल्या विनयाबाईंच्या वडिलांनी मला अहमदनगरच्या ओताऱ्याकडून हौसेने ओतवून घेतलं. लेकीच्या मंडळीचं दिल्लीत स्वतःचं चर्च होईल तेव्हा वाजावी म्हणून.

चर्च काही होईना. सरोजिनी नगरात आमची उपासना भाड्याच्या हॉलमध्ये चाले, आणि रविवारी सकाळी आसपासचे बाबू लोक झोपलेले असत. मग मला कोण वाजवू देणार? विनयाबाईंच्या पलंगाखाली, जुन्या लुगड्यात गुंडाळून, मी वर्षानुवर्षं पडून होते. नाताळ आला की त्या मला चिंचेने घासत आणि पुन्हा ठेवून देत. घंटेच्या जन्माला येऊन गप्प बसणं काय असतं, ते तुम्हाला नाही कळायचं.

मग नव्वदच्या दशकात दिवस पालटले. परदेशी कंपन्या आल्या, मंडळीतल्या मुलांना बरे पगार मिळू लागले, कोणाकोणाच्या दारात मारुती आली. एकेक कुटुंब द्वारकेच्या नव्या सोसायट्यांत राहायला गेलं. तिथेच चर्चसाठी एक प्लॉट मिळाला. माझा आनंद गगनात मावेना.

पण प्लॉटवर झोपड्या होत्या. त्या सोसायट्या बांधणारे बुंदेलखंडी मजूर तिथे राहत. आमच्या कमिटीचे सेक्रेटरी इंद्रजित यांनी झोपड्या हटवण्याचा अर्ज दिला. पायाभरणी रविवारी, आणि सोमवारी पोलीस येणार, असं ठरलं. इंद्रजित वाईट नव्हते हो. या चर्चसाठी त्यांनी किती कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. आधी उपासनेची जागा, बाकीची सेवा मग, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

रविवारी मला प्लॉटच्या कोपऱ्यात बांबूला टांगलं आणि अंबादास पाळकांनी दोर ओढला. काय सांगू! इतक्या वर्षांचा कोंडलेला आवाज मी मोकळा केला. तोच झोपड्यांतून माणसं धावत सुटली. मला वाटलं, उपासनेलाच येताहेत. मी फुशारून आणखी जोरात वाजले.

जवळ आली तेव्हा पाहिलं, प्रत्येकाच्या हातात बादली नाहीतर डबा होता. त्या वस्तीत पाण्याचा टँकर आला की कोणीतरी थाळी बडवत असे. माझा आवाज ऐकून त्यांना टँकरच आला असं वाटलं. सगळ्यांत पुढे रामकली नावाची बाई होती. कडेवरचं पोर तापाने मलूल झालेलं.

"टँकर कहाँ है, भैया?" तिने विचारलं.

पाहुण्यांच्या चहापाण्यासाठी एक पिंप भरून आणलं होतं. विनयाबाई उठल्या, पिंपाचं झाकण काढलं आणि रामकलीची बादली भरू लागल्या.

इंद्रजित जवळ येऊन हळूच म्हणाले, "मावशी, आधी देवाचं घर उभं राहू दे. मग यांच्यासाठी आपण नक्की काहीतरी करू."

"देवाला घर नाही म्हणून त्याचं काही अडलेलं नाही, इंद्रजित," विनयाबाई म्हणाल्या. "उद्यापासून हिचं अडेल."

पाळकांनी हातातली थापी खाली ठेवली. पाया काही भरला गेला नाही. उन्हात उभ्याउभ्या बराच वाद झाला. कोणी रागावून निघूनही गेलं. इंद्रजित मात्र बराच वेळ रामकलीच्या पोराकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आत ते दाराशी हजर होते. अर्ज त्यांनी स्वतःच मागे घेतला. पोलीस आले नाहीत.

मुदतीत बांधकाम झालं नाही म्हणून पुढे प्लॉट हातचा गेला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्या मजुरांना दुसरीकडे पक्की जागा मिळेपर्यंत मी त्यांच्या वस्तीतच टांगलेली होते. टँकर आला की रामकली मला वाजवायची, आणि तिचं बरं झालेलं पोर माझ्या दोराला लोंबकळायचं. इतका लाड माझा कोणी केला नव्हता.

आता मी पुन्हा भाड्याच्या हॉलच्या व्हरांड्यात असते. मुलांनो, मला घासून लख्ख ठेवा, पावसात काळी पडू देऊ नका. आणि मला वाजवलंत की लगेच डोळे मिटून प्रार्थनेला बसू नका. आधी जरा दाराबाहेर बघा, कोण धावत आलंय ते.