नवव्या प्रकरणाच्या तक्रारी

बायको गेल्याचं मला कळलं तेव्हा मी एका लिफ्टच्या डोक्यावर बसलो होतो. सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधे ती अडकली होती, आत टाय लावलेले एक गृहस्थ होते, आणि मेहुणीचा फोन आला. "भावजी, ताई गेली," एवढंच ती म्हणाली. सकाळी माझ्या हातात चहा देऊन कामाला गेलेली बाई, शाळेच्या ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या गेली.

आतल्या माणसाला काढल्याशिवाय मला खाली उतरता येत नव्हतं. त्याने आतून विचारलं, "काय झालं, काम का थांबलं?"

मी म्हटलं, "बायको वारली."

तो म्हणाला, "फार वाईट झालं." आणि जरा वेळाने, "मग आता साधारण किती वेळ लागेल?"

"दहा मिनिटं," मी म्हटलं. नऊ मिनिटांत काढला त्याला.

हे सांगितलं की लोक त्या माणसाला शिव्या घालतात. मला त्याचा राग आला नाही. अडकलेला माणूस वेळच विचारणार. राग आला तो आमच्या साहेबांचा. मी रजेचा अर्ज दिला, त्यावर त्यांनी लिहिलं, 'पुरावा जोडावा'.

बायको सत्तावीस वर्षं एका हायस्कुलात कारकून होती. दाखले, हजेरीपट, पोरांचे रजेचे अर्ज, सगळं तिच्या टेबलावरून जायचं. जाण्याच्या चार महिने आधी तिचं एक पुस्तक छापून आलं होतं. कादंबरी. दहावीतली एक मुलगी आहे, तिला पुस्तकभर ढापणी म्हणतात. ढापणी वर्गातल्या पोरांना रजेचे अर्ज लिहून देते आणि बदल्यात निम्मा डबा घेते. पोटदुखी, ताप असली किरकोळ कामं ती घेत नाही. ती थेट नातेवाईक मारते. वर्षभरात एकेचाळीस मारते. एका पोराची आजी चार वेळा जाते, दर वेळी वेगळ्या आजाराने, आणि शेवटच्या वेळी तर परदेशात. मग नवव्या प्रकरणात ढापणीचा बाप खरोखर मरतो. ती स्वतःचा अर्ज घेऊन शाळेत जाते आणि कुणाचाच विश्वास बसत नाही.

हे मी आता सांगू शकतो. तेव्हा मी बावीस पानं वाचली होती. तिने विचारलं, "कसं वाटलं?" मी म्हटलं, "छान आहे." ती म्हणाली, "कुठपर्यंत आलात?" मी म्हटलं, "झालं की." तिने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि दूध उतू जातंय का बघायला आत गेली. पुन्हा तो विषय तिने काढला नाही, आणि मीही उरलेली पानं उघडली नाहीत. बायको कुठे पळून जातेय, असं वाटलं होतं.

ती गेल्यानंतर दीड महिन्याने प्रकाशक घरी आला. बारीक माणूस, दर दोन वाक्यांनी चष्मा पुसायचा. त्याने पत्रांचा एक गठ्ठा आणि एक कागद पुढे ठेवला.

"वहिनींचं पुस्तक शाळांच्या ग्रंथालयांना हवं आहे," तो म्हणाला. "पण नवव्या प्रकरणाबद्दल फार तक्रारी आहेत. मृत्यूची थट्टा, असं म्हणतात. तेवढं काढू. आता वारस म्हणून तुमची सही लागेल."

"आठव्यानंतर काय मग?"

"थेट दहावं. वाचकांना कळणारही नाही."

"मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या," मी म्हटलं.

खरं तर मी सही करणारच होतो. माझा धंदाच तसा आहे. एखादा भाग आवाज करायला लागला की काढायचा, लिफ्ट चालू करायची. पण कागद बघून तक्रार बंद करायची आमच्यात पद्धत नाही. तक्रार लिहून आली की जागेवर जायचं, स्वतः बघायचं, आणि ज्याची तक्रार त्याची कार्डावर सही आणायची. एका पुस्तकाबद्दल मी तिच्याशी खोटं बोललो होतो, त्याच पुस्तकाचं काम तरी नीट करावं, एवढंच डोक्यात होतं.

गठ्ठ्यात अकरा पत्रं होती. दोन कौतुकाची होती, ती बाजूला ठेवली. जी लिफ्ट चालते तिच्याकडे कोण जातं. उरलेली नऊ मी आमच्या कंपनीच्या तक्रार-कार्डांवर उतरवून घेतली. 'विनोद जास्त, संस्कार कमी.' 'अक्षर बारीक.' 'ढापणीचं पुढे लग्न झालं का, ते कळत नाही.'

मेहुणी कार्डं बघून म्हणाली, "भावजी, वाचकांच्या पत्रांना उत्तर लिहितात. घरी जात नाही कुणी."

"का?"

"का म्हणजे? लोक घाबरतील."

"मी बेल वाजवून जाणार आहे."

"हत्यारांची पिशवी तरी घरी ठेवा."

ती मी ठेवली नाही. पिशवी खांद्यावर नसली की मला उभं कसं राहायचं कळत नाही.

पहिली तक्रार एका आईची होती. दुसरा मजला, दारात चपलांचा ढीग. तिने दार उघडलं, पिशवी बघितली आणि म्हणाली, "गीझर दुरुस्त झालाय परवाच."

मी कार्ड वाचून दाखवलं. 'तुमच्या पुस्तकामुळे माझी मुलगी खोटारडी झाली.' बाई ओशाळली, पण लगेच सावरली. "झालीच आहे. पुस्तकातले अर्ज जसेच्या तसे उतरवून शाळेत दिले तिने. माझ्या सासूबाईंना दोनदा मारलं. वर्गशिक्षिका समाचाराला आल्या तर दार सासूबाईंनीच उघडलं."

आतल्या खोलीतून आवाज आला, "कोण आहे गं? त्या पुस्तकाचे आहेत का? आत पाठव."

सासूबाई खिडकीपाशी भिंग घेऊन बसल्या होत्या. मांडीवर तेच पुस्तक होतं.

"तुम्ही लिहिलंय?"

"नाही, बायकोने."

"तिला विचारा, मला पहिल्यांदा न्यूमोनियाने का मारलं?"

"सासूबाई, ते पुस्तकातल्या आजीला," सून म्हणाली.

"नातीने उतरवलं म्हणजे मलाच. दुसऱ्या वेळचं बरं आहे, जिन्यावरून पडते. त्यात जरा जीव आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "या घरात पाच वर्षांत मला कुणी विचारत नव्हतं. आता सगळे दारातून डोकावून बघतात, आहे की गेली. कसली तक्रार नि काय."

मी सुनेला म्हटलं, "नववं प्रकरण काढलं तर चालेल तुम्हाला?"

"नववं कुठलं?"

"बाप खरा मरतो ते."

"ते होय," ती म्हणाली. "ते वाचल्यावरच तर पोरीने माझ्याकडे येऊन सगळं कबूल केलं. रडत होती. तुम्ही वाचलंय ना, कसं आहे ते."

मी मान हलवली. म्हणजे दुसऱ्यांदा खोटं बोललो. तिने कार्डावर सही केली आणि सासूबाईंनीही खाली मागून केली.

अक्षर बारीक म्हणणाऱ्या गृहस्थांना मी खिडकीजवळ उभं करून वाचायला लावलं, त्यांनी सही केली. ढापणीच्या लग्नाचं विचारणाऱ्या बाई स्वतःच्या मुलाचा फोटो दाखवायला लागल्या, तिथून मी सही न घेताच निघालो. दोन घरी कुलूप होतं. असे तीन दिवस गेले आणि गुरुवारी मला वाटलं, बिघाड न बघता नुसताच दारोदार फिरतोय. हे आमच्या कामात बसत नाही.

तेव्हा दुपारच्या सुट्टीत एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनरूममधे बसून मी नववं प्रकरण वाचलं.

ढापणी अर्ज घेऊन वर्गशिक्षकांकडे जाते. त्यांना पोरं कवळी म्हणतात. कवळी विचारतो, "या वेळी कोण?" ती म्हणते, "वडील." तो म्हणतो, "कुणाचे?" वर्ग हसतो. मग तो अर्ज मोठ्याने वाचतो आणि म्हणतो, "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. आधीच्या अर्जांत केवढी भावना असायची." ती ऑफिसात जाते. तिथली ठसेबाई अर्ज बघून सगळ्यात मोठ्याने हसते आणि शिक्का मारते, 'नामंजूर'. रजा मंजूर नाही म्हणून ढापणी भूगोलाचे दोन तास बसते. मधेच तिलाही हसू येतं, कारण बेचाळीस अर्जांतला हा सगळ्यात भिकार लिहिलेला असतो. कसा मेला, तेसुद्धा लिहायचं राहिलेलं असतं.

मी हसलो. 'पुरावा जोडावा' आठवलं आणि आणखी हसलो. त्या दिवसापासून पहिल्यांदाच हसत होतो, त्यामुळे कुठे थांबायचं ते समजेना. खालून वॉचमन आला. "काय झालं, करंट लागला का?" मी म्हटलं, "नाही, वाचतोय." तो माझ्याकडे बघत बघतच उलट्या पायांनी जिना उतरला. तिला छान आहे म्हणालो होतो ते आठवलं. छान वगैरे नाही ते.

शेवटचं कार्ड एका निवृत्त मास्तरांचं होतं, तिच्याच शाळेतले. 'नवव्या प्रकरणातील शिक्षकाचे चित्रण वस्तुस्थितीला धरून नाही.' संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. मास्तर बाल्कनीत इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, जणू तपासणीला कुणी येणार होतं.

"कवळी म्हणजे मी," ते म्हणाले. "आता सगळ्या गावाला माहीत आहे. पुस्तकात माझी कवळी वर्गात पडते. साफ खोटं आहे. ती स्टाफरूममधे पडली होती."

"तेवढंच बदलायचं?"

"तेवढंच कशाला, सगळं प्रकरण काढा. नातवंडं वाचतात माझी."

"बाकीचं खरं आहे का?"

मास्तरांनी शर्टाची बाही खाली ओढली. "होती एक मुलगी. अर्ज विकायची. पकडली होती आम्ही. मग एक दिवस आली, वडील गेले म्हणून. मी हसलो. अर्ज वर्गात वाचूनही दाखवला. आणि तो 'नामंजूर'चा शिक्का कुणाचा होता, माहीत आहे ना तुम्हाला?"

"ठसेबाईचा."

"तुमच्या बायकोचा हो. शाळेत शिक्का एकच आणि तो तिच्या ड्रॉवरमधे. पण एक सांगतो, पुस्तकात तिने स्वतःला हसवलंय, ते काही खरं नाही."

"मग काय केलं होतं तिने?"

"मान वर करून बघितलंसुद्धा नाही. दाखल्यांचे दिवस होते, टेबलावर हा ढीग. शिक्का मारला, कागद परत दिला. दुसऱ्या दिवशी कळलं तेव्हा ऑफिसचं दार लावून बसली होती. त्यानंतर आयुष्यात एकही अर्ज तिने नामंजूर केला नाही. पोरं चक्क मांजर वारलं म्हणून रजा घ्यायची."

हे माझ्या घरात घडून गेलं होतं आणि मला पत्ता नव्हता. त्या दिवशी घरी आल्यावर तिने जेवायला वाढलं असेल. मी पंखा बरोबर फिरत नाही असलं काहीतरी बोललो असेन.

"ती मुलगी आता कुठे असते?" मी विचारलं.

"नदीपलीकडच्या प्रयोगशाळेत रक्त घेते. माझंच घेतलं गेल्या महिन्यात. ओळख दिली नाही, पण सुई दोनदा टोचली." मास्तरांनी कार्डाकडे बघितलं. "मग, काढताय ना प्रकरण?"

"नाही."

"मी सही कशावर करू मग?"

"करू नका. तुमची तक्रार बंद होत नाही."

"हे बरं आहे," ते म्हणाले. "घरी येऊन सांगायचं आणि करायचं काहीच नाही." तरी उठून दारापर्यंत आले आणि जिन्यातला दिवा लावला.

शुक्रवारी प्रकाशक आला. मी कागद कोरा परत दिला.

"शाळा घेणार नाहीत मग," तो म्हणाला.

"नको घेऊ देत."

"वहिनींच्या मनाचा विचार करा. पुस्तक घराघरात गेलं असतं."

"वहिनींनी त्यात स्वतःचा गुन्हा लिहून ठेवलाय. तो काढला तर खाली काय उरतं, पोरांचे निम्मे डबे."

त्याने चष्मा पुसला. "मला वाटलं गंमत आहे सगळी."

"गंमत आहेच," मी म्हटलं. "तुम्ही पुन्हा वाचा. मीही गुरुवारीच वाचलं."

कवळीचं तेवढं मी त्याला सांगितलं. पुढच्या आवृत्तीत ती स्टाफरूममधे पडेल. खऱ्या चुकीची दुरुस्ती करायला हरकत नाही.

त्यानंतर मी प्रयोगशाळेत दोनदा गेलो. पहिल्यांदा दारातून परत फिरलो. दुसऱ्यांदा आत गेलो, रांगेत बसलो, नाव पुकारल्यावर खुर्चीत बसून हात पुढे केला. चाळिशीची बाई, केस घट्ट बांधलेले. "उपाशी आहात ना?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिने माझं नाव कागदावर वाचलं, आडनावावर जरा थांबली, मग म्हणाली, "मूठ आवळा." सुई एकदाच टोचली. कापूस दाबून धरायला सांगून तिने पुढच्या माणसाला हाक मारली.

पिशवीत पकडी आणि पान्यांच्या खाली पुस्तकाची एक प्रत होती. ती मी काढली नाही. रिपोर्टात साखर थोडी जास्त निघाली.

पुस्तक तिला अजून दिलेलं नाही.