तीन थापा

फेरो बेटांवरचा त्रोंदुर रहस्यकथा लिही, आणि प्रत्येक प्रकरण आधी आईला वाचून दाखवी. म्हातारी सुन्नुवा स्वेटर विणत ऐके. तिच्या सुया चालूच राहिल्या तर पान फाडायचं. थांबल्या, तर साधलं. वाचकाचा श्वास कुठे अडकणार, हे त्याला त्या दोन सुयांवरून कळे.

त्या रविवारी प्रार्थनेहून दोघं परतली तेव्हा धुक्यानं समोरची खाडी गिळली होती. त्यानं वाचायला घेतलं. वादळ. घरात एकटी बाई. दारावर तीन थापा. आणि इथे त्यानं आपली नेहमीची हातोटी वापरली: दार उघडायचंच नाही. आधी चुलीवरची किटली, मग खुंटीवरचा ओला कोट, मग कडीवर नुसता ठेवलेला हात...

सुया थांबल्या.

"जमलं म्हणायचं!" तो हसला.

आई हसली नाही. "बाहेर कोण आहे रे?"

"ते शेवटच्या पानावर. आत्ताच सांगितलं तर पुस्तक कोण वाचेल?"

"लोकांचं राहू दे. मला सांग. होग्नी आहे ना?"

होग्नी त्याचा थोरला भाऊ. बावीस वर्षांपूर्वी मासे धरायला गेला, तो परतलाच नाही.

"त्याची होडी रिकामी सापडली ना, त्या दिवशी अशाच तीन थापा पडल्या," आई म्हणाली. "मी स्तोत्र गुणगुणत होते. आपल्या गावात दार वाजवतं कोण? माणूस सरळ आत येतो. वाजवतो तो परका, नाहीतर वाईट बातमी आणणारा पाद्री. म्हटलं, उघडलंच नाही तर बातमी आत येणार नाही. मग पावलं लांब गेली. पाद्रीबाबा आले दुसऱ्या दिवशी. म्हणाले, काल मी आलोच नव्हतो. तेव्हा उमगलं. माझं लेकरू होतं रे ते. ओलंचिंब, गारठलेलं. आणि मी त्याला दारातून परतवून लावलं."

त्रोंदुरला ते दार बाहेरून आठवलं. बंदरावरून बातमी घेऊन तोच धावत आला होता, एकोणीस वर्षांचा. असली बातमी घेऊन लेक म्हणून आत कसं शिरायचं? म्हणून त्यानं परक्यासारखं दार वाजवलं. आतलं गाणं तुटलं. त्यानंतरची शांतता त्याला सोसवली नाही. तो पळाला, होड्यांच्या छपरीत जाऊन बसला. पुढे आयुष्यभर तीच एक शांतता त्यानं पुस्तकापुस्तकातून लोकांना विकली.

देव माणसाला जीभ देतो, आणि कधीकधी ऐनवेळी ती टाळ्याला चिकटते. त्रोंदुर उठला. बाहेर धुक्यात गेला, दार ओढून घेतलं, आणि तीन थापा मारल्या.

आत काहीच हालेना. पाय आपोआप मागे वळू लागले. देवाचं नाव घेऊन त्यानं ते तिथेच रोवले.

कडी सरकली. आई दारात उभी.

"मी होतो, आई. त्या दिवशीही मीच होतो."

हातातल्या अर्धवट विणलेल्या बाहीनं तिनं त्याच्या केसांवरचं धुकं पुसलं.

"गारठलास की रे," ती म्हणाली. "ये आत."