मोत्यांवर भाळलेली पिचकारी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पिचकारी आहे. अकोल्याच्या जठारपेठेत, एका घराच्या फळीवर पडून असते. कोणी मला खाली काढून घासायला घेतलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. माझं कौतुक करू नका रे! आधी ऐका.

तांबटाने मला ठोकून घडवलं, तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. किसनराव माळ्याने मला आणलं ते त्याच्या बायकोच्या, पार्बताबाईच्या, पानकोबीसाठी. मळ्याच्या त्या तुकड्यात त्याला वांगीच लावायची होती. पण तिने हट्टाने तो तुकडा मागून घेतला. "एक साल पाहा. नाई जमलं तं पुन्हा तोंड नाई उघडणार मी," असं ती बोलून बसली होती.

पौषात कोबीवर मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, पडला. शेतकी खात्याच्या माणसाने सांगितलं, तंबाखूचा काढा करा, त्यात थोडा साबण घाला आणि फवारा. साबणाचं नाव काढताच किसनराव उखडला. "चरबीचा साबन भाजीले लावू? अन् पानं काय मळकी हायेत धुवाले?" झालं, साबण राहिला.

पार्बताबाईने कडक काढा उकळला. किसनरावाने तो माझ्यात भरून फवारला, आणि पानापानावर टपोरे थेंब उभे राहिले. बाजारात ताज्या पानकोबीची पारखच ती. पाणी शिंपडलं की थेंब ताठ उभा राहिला पाहिजे. "वा! काय मोती पाडते ही पिचकारी!" किसनराव म्हणाला, आणि मी फुगले. मग वारा सुटला. माझे मोती घरंगळत मातीत गेले. पान कोरडं ठणठणीत, मावा जिथल्या तिथे. मी हे पाहिलं, तरी माझा तोरा उतरला नाही.

तीनदा फवारणी झाली, मावा वाढतच गेला. विहिरीवर बायामाणसं जमलेली असताना किसनराव कडाडला, "पिचकारीत खोट नाई. तूच काढा पानचट केला! तंबाखू कोनाले वाटून आली?"

"सारीच उकळली जी म्या," एवढंच ती म्हणाली. शेजारची सुभद्रा गालात हसली. पार्बताबाईने मान खाली घातली. खोट माझ्यात नाही हे ऐकून मला, खरं सांगते, हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी न्हाऊन उठल्यावर पार्बताबाई रिठ्याचं उरलेलं पाणी घेऊन मळ्यात आली. साबण नाही तर रिठा, असं तिच्या मनात आलं असावं. तिने काढ्याचा एक थेंब पानावर सोडला, तो घरंगळला. मग काढ्यात रिठ्याचं पाणी मिसळून दुसरा सोडला. तो पसरला, पानाला चिकटून बसला. तिने मला भरलं आणि वाफेमागून वाफे फवारत सुटली.

एकही मोती दिसेना. सगळी पानं नुसती ओली, काळपट. किसनराव धावत आला. "अवं, काहून पानं मारून राहिली? तजेला गेला ना सारा!" त्याने मला तिच्या हातातून हिसकावलं. तोवर अर्धा तुकडा झाला होता.

दोन दिवसांनी त्या अर्ध्यातला मावा मेला. उरलेला अर्धा तुकडा तोवर हाताबाहेर गेला होता, तो गेलाच.

किसनराव बाजारात सांगू लागला, "आपली पिचकारी लय गुनाची!" रिठ्याचं नाव नाही, तिचंही नाही. विहिरीवरच्या बायकांना अजून तीच तंबाखूचोर वाटत होती. पुढच्या साली किसनरावाने तिथे वांगी लावली. पार्बताबाईने तोंड उघडलं नाही.

एकदा मला विहिरीवर धुताना किसनरावाचा हात थांबला. इकडेतिकडे पाहून तो हळूच म्हणाला, "चुकलो मी. तिले फुकट बोल लावला." वीस पावलांवर पार्बताबाई वांगी तोडत होती. तिथवर तो गेला नाही.

मित्रांनो, तुमच्याकडून कोणावर असा खोटा आळ घेतला गेला, तर ती वीस पावलं चालून जा. पितळेला सांगून काय उपयोग?