सहाचा फोन

"स्फाक्सच्या बायका पोरांना दूध नाही, अभ्यास पाजतात," असं वसतिगृहात रऊफच्या खोलीत राहणारा हेदी म्हणायचा. आज पन्नाशीत ते आठवलं की रऊफला हसू येतं. तेव्हा मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा, कारण ते खरं होतं.

स्फाक्स हे ट्युनिशियातलं रऊफचं गाव, आणि त्याची आई नबीहा म्हणजे घरातली घंटा. पाचला उठायचं, तेलात कालवलेल्या बसीसाच्या पिठाची वाटी संपवायची, मग अभ्यास, शाळा आणि पुन्हा अभ्यास. टीव्हीवर चादर, खाऊच्या कपाटाला कुलूप. संत्रंसुद्धा तीच सोलून द्यायची, पोराचा वेळ जाऊ नये म्हणून. त्या जोरावर रऊफ शाळेच्या शेवटच्या परीक्षेत चमकला आणि राजधानी ट्यूनिसला विद्यापीठाच्या वसतिगृहात आला.

तिथं मात्र गाडी रुळावरून घसरली. दर शनिवारी आई टॅक्सीवाल्या सालहकाकांबरोबर आठवडाभराच्या खाण्याची टोपली धाडायची, रऊफ ती सोमवारपर्यंत फस्त करायचा. बिनकुलपाचं खाणं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. दुपारी पत्त्यांचा एकच डाव म्हणून कॅफेत बसायचा, तो पोऱ्या खुर्च्या उलट्या टाकेपर्यंत. केफच्या डोंगरात मेंढ्या राखत शिकलेला हेदी दोन डाव झाले की निघायचा.

"तू उठतोस तरी कसा रे?" रऊफने एकदा अगदी मनापासून विचारलं.

"पायांवर," हेदी म्हणाला.

रोज सकाळी सहाला वसतिगृहाचा फोन वाजायचा आणि पहारेकरी अम्मारकाका जिन्यातून ओरडायचे, "ए स्फाक्सवाल्या, आईसाहेब आल्या!" पोरं फिदीफिदी हसायची. रऊफ खाली जाऊन "उठलो गं आई" म्हणायचा आणि वर येऊन पुन्हा ताणून द्यायचा. आता आई नाही. तो फोन एकदा वाजावा म्हणून तो आज काय वाट्टेल ते देईल.

जूनमध्ये चार विषय गेले. उरली सप्टेंबरची फेरपरीक्षा. त्यात एक पेपर बुडाला तरी वर्ष गेलं. उन्हाळाभर आईने समोर बसवून सगळं घोकून घेतलं. निघताना तो दारात अडखळला.

"आई, परीक्षेच्या दिवसांत फोन करू नकोस."

"का? आईची लाज वाटते?"

"तसं नाही गं. मी उठेन. माझा मी."

"तू?" ती हसली, आणि त्याचा चेहरा बघून थांबली. "बरं. नाही करत. शपथ."

तीन पेपरांना तो घड्याळाच्या गजरावर उठला. हेदी जूनमध्येच पास होऊन गावी गेलेला, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. चौथ्या पेपराच्या दिवशी, मंगळवारी, गजर झाला तेव्हा त्याने हात मारून तो बंद केला. आत्ता कुठे साडेपाच, सहाला आईचा फोन येईलच, असं त्याच्या झोपेतल्या डोक्याने ठरवून टाकलं. जाग आली तेव्हा उन्हं पलंगावर आली होती आणि खाली अंगणात पोरं पेपरातल्या प्रश्नांवर वाद घालत होती.

स्फाक्सच्या वाटेवर टॅक्सीत तो मनातल्या मनात आईलाच बोल लावत होता. आईने दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

"मंगळवारी पहाटेपासून मी फोनपाशी होते," ती म्हणाली. "जीव थाऱ्यावर नव्हता. दोनदा नंबर फिरवला आणि ठेवून दिला."

"मग केला का नाहीस?" रऊफ ओरडला.

"एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तू काही मागितलं होतंस रे."

रऊफ तिथेच पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. आईही शेजारी येऊन बसली. आता पुढं काय करायचं हे तिने सांगितलं नाही, आणि ती ते सांगेल म्हणून तो कितीतरी वेळ वाट बघत राहिला.